खुनांच्या परीक्षक बाई

“बादलीत वायर सोडली, तर आधी माणूस मरेल की आधी लाइट जाईल?”

काशीदला मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, पगार नाही. वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो, हे मात्र त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं.

“घरात ट्रिप होणारा स्विच बसवलेला असेल तर आधी लाइट जाईल,” मी म्हटलं. “नसेल तर माणसाचं काही खरं नाही.”

“नवा बंगला आहे. सगळं एकदम आधुनिक.”

“मग माणूस वाचेल.”

बाईंनी मांडीवरचं जाडजूड पुस्तक फटकन मिटलं. “गेलं हे! अर्ध्याहून जास्त वाचलं होतं मी. याचा खूनच झालेला नाही आणि पोलीस उगाच धावताहेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खोली वरती आहे. नळाला सकाळी पाणी येतं. केव्हा येतोस राहायला?”

भाड्याचं विचारायचं राहूनच गेलं. काशीदला ज्याच्याकडे एक जादा खोली आहे तो ती शनिवार-रविवार पर्यटकांना देतो आणि महिन्याचं दोन दिवसांत कमावतो. बाईंचं घर तर किनाऱ्याच्या रस्त्यावरच. पण पर्यटकांना त्या दारात उभं करत नसत. “ते रविवारी संध्याकाळी जातात रे,” त्या सांगत. “पुस्तक निम्म्यावर आलेलं असतं. मग मी बोलायचं कुणाशी?”

त्यांना भाडेकरू नको होता, श्रोता हवा होता. हे मला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या सांगलीकडच्या, नोकरीसाठी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. पण समुद्राशी त्यांचं कधी जमलं नाही. चपलेत वाळू जाते, ही त्यांची समुद्राबद्दलची एकमेव तक्रार आणि एकमेव माहिती. सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणे. मुंबईतली एक साहित्यसंस्था रहस्यकथांसाठी दरवर्षी एक पुरस्कार देत असे आणि त्या पुरस्काराच्या तीन परीक्षकांपैकी बाई एक होत्या. म्हणजे वर्षाकाठी एक मोठं खोकं एसटीनं यायचं, त्यात त्या वर्षाचे सगळे खून असायचे, आणि ते बाईंनी तपासायचे.

हे पद त्यांना मिळालं ते भांडून. पूर्वी त्या कुठलीही रहस्यकादंबरी वाचली की प्रकाशकाला तिच्यातल्या चुका कळवत. मग संस्थेलाही कळवू लागल्या, की तुम्ही गौरवलेल्या पुस्तकात नायिका ज्या विषानं मरते त्या विषानं फक्त पोट बिघडतं. शेवटी संस्थेनं त्यांनाच परीक्षक करून टाकलं. “मला गप्प बसवायला बोलावलं त्यांनी,” बाई अभिमानानं सांगत, “आणि फसले.”

पुस्तक हातात आलं की बाई पहिल्यांदा सुई-दोरा घेत. शेवटची प्रकरणं कडेनं टाके घालून शिवून टाकत, म्हणजे चुकूनही नजर जायला नको. मग वाचायला सुरुवात. टाक्यांपर्यंत पोचल्या की पुस्तक खाली ठेवायचं, ओटीवर बसायचं आणि जो समोर असेल त्याला गुन्हेगार कोण ते मोठ्यानं सांगायचं. मगच कात्री. आपला अंदाज बरोबर निघाला तर पुस्तक नापास. चुकला तर बाई पुन्हा पहिल्यापासून वाचत, लेखकानं आपल्याला न्यायानं हरवलं की लबाडीनं, हे बघायला. मी राहायला गेलो तोवर तरी त्यांना न्यायानं कुणी हरवलं नव्हतं.

समोर बहुतेक वेळा मी असे, नाहीतर भारती. भारती कोळीवाड्यातून सकाळी मासळी घेऊन यायची, टोपली उतरवायची आणि पायरीवर बूड टेकून कथा ऐकायची. तिचं मत ठरलेलं होतं.

“जावयानंच मारलाय बाय त्याला.”

“अगं, या गोष्टीत जावई नाहीच आहे.”

“न्हाय कसा? असल कुठंतरी. लेखकानं दडवलाय.”

तिच्या स्वतःच्या जावयाबद्दल आम्ही कधी विचारलं नाही.

पुस्तकातला खून पटला नाही तर बाई तो करून बघत. एका कादंबरीत एक सडपातळ माणूस प्रेत पायांना धरून किनाऱ्यापासून सुरूच्या झाडांपर्यंत एका दमात ओढत नेतो. बाई म्हणाल्या, अशक्य. एका रविवारी सकाळी त्यांनी मला किनाऱ्यावर नेलं, पदर खोचला आणि वाळूत आडव्या झाल्या.

“ओढ.”

“बाई, लोक बघताहेत.”

“प्रेताशी बोलू नये. ओढ.”

मी ओढू लागलो. वजन तसं फार नव्हतं, पण कोरड्या वाळूत टाचा रुतत होत्या आणि प्रेत मधूनमधून “उजवीकडे घे, तिकडे शेण आहे” अशा सूचना देत होतं. घोडागाडीवाला थांबला. नाश्ता सोडून पर्यटक धावत आले, दोघांनी मोबाइल काढले, एक बाई किंचाळली. कुणीतरी पोलीस पाटलांना बोलावलं. ते स्कूटरवरून आले, त्यांनी वाळूतल्या बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, “पुरस्काराचं चाललंय का?”

“हो,” प्रेत म्हणालं.

“मग चालू द्या,” असं म्हणून त्यांनी गर्दी हटवली. ते बाईंचेच विद्यार्थी होते.

मला निम्म्या वाटेत धाप लागली. ते पुस्तकही नापास झालं.

एकदा पावसाळ्यात लाइट नव्हती, पुस्तकं वाचता येत नव्हती, तेव्हा मी विचारलं होतं, “बाई, तुम्हाला खुनांचं एवढं काय आवडतं?”

त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग म्हणाल्या, “खुनांचं नाही रे. आमच्या यांनी एकदा सकाळी चहा मागितला आणि चहा होईपर्यंत गेले. कशानं गेले, का गेले, डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही. मी पुष्कळ दवाखाने हिंडले विचारत. पुस्तकात निदान शेवटी एक माणूस उठून उभा राहतो आणि सगळं सांगतो. मला ते फार बरं वाटतं.”

त्यानंतर पुस्तकांच्या चुका काढताना त्यांचा आवाज का चढतो, ते मला निराळं विचारावं लागलं नाही.

ही जी गोष्ट मला सांगायची आहे ती माझ्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यातली. त्या वर्षी खोकं लहान आलं. आदल्या वर्षी योग्य पुस्तक नाही म्हणून पुरस्कार दिलाच नव्हता, आणि यंदाही नसेल तर तो कायमचा बंद करावा असं संस्थेत चाललं होतं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. “खुनाला साहित्यात कोण विचारतो,” म्हणत त्या एकेक पुस्तक शिवत होत्या आणि एकेक नापास करत होत्या.

खोक्याच्या तळाशी एक बारकं पुस्तक होतं. पदरचे पैसे घालून छापलेलं, मुखपृष्ठावर रक्ताचा थेंब, तोही जरा गुलाबी उतरलेला. लेखिका रायगडातल्याच तळा गावची. तिचं तिथे औषधाचं दुकान असल्याचं मागे छापलेलं होतं.

गोष्ट खाडीकाठच्या एका गावातली. नवरात्रातल्या अष्टमीला, देवळात होम चाललेला असताना, गावातला मोठा बागायतदार आपल्या वाडीत मरून पडलेला सापडतो. संशय पुतण्यावर, कारण जमिनीचा वाद. संशय गड्यावर, कारण त्याला आदल्या दिवशी हाकललेलं. गावात एक निवृत्त हेडमास्तर असतात, सगळ्यांना धीर देणारे, प्रेमळ. ते त्या दिवशी खाडीपलीकडे बहिणीकडे गेलेले असतात आणि दिवेलागणीला चालत खाडी उतरून परत आलेले असतात.

बाई टाक्यांपर्यंत आल्या. “पुतण्या,” त्यांनी जाहीर केलं. “लेखिकेनं त्याला निर्दोष दाखवायची फार धडपड केलीय.”

“जावय,” भारती म्हणाली.

कात्री चालली. बाई वाचू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. खून मास्तरांनी केलेला होता. शेवटच्या पानावर मेलेल्या माणसाची मुलगी भर अंगणात एवढंच म्हणते, “मास्तर, तुम्ही खोटं बोललात,” आणि मास्तर मान खाली घालतात. संपलं पुस्तक.

“तिला कसं कळलं?” बाई ओरडल्या. “धागा कुठाय? पुरावा कुठाय? वाटेल त्याला उठून खुनी म्हणायचं, ही काय पद्धत झाली?”

पण पुस्तक त्यांनी बाजूला टाकलं नाही. जेवताना शेजारी ठेवलं. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, “माणसं काय उभी केलीत रे पोरीनं! मास्तरांवर तर माझा जीव जडला होता.” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “लबाडीनं हरवलं. वाईट वाटतं.”

दुसऱ्यांदा वाचताना त्यांना एक शंका आली. मास्तर म्हातारे, खाडीत चिखल. ते तेवढ्या वेळात चालत उतरू शकतील का? झालं. हेही करून बघायचं ठरलं, आणि पुस्तकात अष्टमी आहे म्हणून आपणही अष्टमीलाच जायचं. मुरुडच्या वाटेवर एक लहानशी खाडी आहे, ओहोटीला लोक ती चालत ओलांडतात. दिवेलागणीला आम्ही तिथे पोचलो. बाईंनी चपला हातात घेतल्या.

खाडी काठोकाठ भरलेली होती. पाणी शांतपणे वर चढत होतं, बांधाला लागून होड्या डुलत होत्या. चिखल कुठे दिसतही नव्हता.

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं. मग मागच्या महिन्याची अष्टमी बघितली, त्याच्या मागच्या महिन्याची बघितली. तिथीवरच पाणी ठरतं, त्यामुळे महिना कुठलाही असो, अष्टमीला दिवेलागणीच्या सुमाराला इथे भरतीच.

“म्हणजे मास्तरांना खाडी उतरताच आली नसती,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी चपला पुन्हा घातल्या. “चुकली पोरगी. खाडीकाठच्या तालुक्यात राहून चुकली.”

बाईंचा नियम साधा होता: ज्यात चूक, ते नापास. मग ते कितीही आवडलेलं असो.

परीक्षकांची बैठक मुंबईला होती. पुस्तकांची पिशवी जड म्हणून मी रजा टाकून त्यांच्याबरोबर निघालो. रेवसला मुंबईच्या लाँचमध्ये बसलो. बाई काठाच्या बाकावर, मांडीवर ते बारकं पुस्तक. “यंदा पुरस्कार नाही, असंच मला म्हणावं लागणार,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पुढे कधीच नाही.” एवढ्या म्हाताऱ्या त्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

लाँच सुटली. आमच्या समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ बसला होता. त्याचा मोबाइल वाजला.

“हॅलो सर… हो सर, निघालोय केव्हाच. वडखळला हायवेवर अडकलोय. पुढे ट्रकच ट्रक. हलतच नाही सर कोणी… आवाज? ट्रकचाच आहे सर.”

त्याच्या डोक्यावर समुद्रपक्षी ओरडत होते. मला हसू आलं. बाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग एकदम दांडा धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या,

“खोटं बोलतोय तो!”

सगळी लाँच वळून बघायला लागली. त्या गृहस्थानं घाबरून मोबाइल खिशात कोंबला. “नाही हो आजी… म्हणजे आमचे साहेब जरा…”

“तू नव्हे रे! मास्तर! मास्तर खोटं बोलतायत!” बाईंनी माझा दंड पकडला. “अरे, मास्तर म्हणतात, मी दिवेलागणीला खाडी उतरून आलो. अष्टमीला कुणालाच उतरता येत नाही. म्हणजे ते पलीकडे गेलेच नव्हते. दिवसभर अलीकडेच होते! लेखिका चुकली नाहीये. तिनं आपल्याला पुरावा हातात दिला होता. अष्टमी पहिल्या प्रकरणात, खाडी तिसऱ्यात. आणि आपण दोघं काठावर उभं राहून तिलाच नावं ठेवली!”

“पण मग शेवटी सांगितलं का नाही तिनं?”

“सांगितलंय की. ‘मास्तर, तुम्ही खोटं बोललात.’ त्या मुलीचा जन्म खाडीवर गेला, तिला आणखी काय सांगायचं?” बाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. “हरले रे मी. न्यायानं हरले.”

समोरच्या गृहस्थानं हळूच विचारलं, “कुठलं पुस्तक म्हणता हे?”

बैठकीच्या खोलीत मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. अध्यक्ष एक प्राध्यापक होते. त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, की दर्जा घसरला आहे, हा पुरस्कार आता थांबवणं बरं. तिसरे परीक्षक निवृत्त पोलीस अधिकारी होते. ते म्हणाले, तुम्ही दोघं म्हणाल तसं. बाईंनी बारकं पुस्तक टेबलावर ठेवलं.

“हे?” प्राध्यापक म्हणाले. “याचा शेवट तर आभाळातून पडलाय.”

“आभाळातून नाही, चंद्रावरून,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी अष्टमी, भरती, दिवेलागण सगळं वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. कागदावर चंद्र आणि पृथ्वीही काढून दाखवली.

पोलीस अधिकारी पुढे झुकून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारला. “जन्मभर मी हेच केलं. तू त्या वेळी कुठे होतास, आणि तिथे कसा पोचलास? एवढेच दोन प्रश्न. मास्तरांना विचारायचे सुचलेच नाहीत मला! इतका भला माणूस.”

“मलाही नाही सुचले,” बाई म्हणाल्या.

प्राध्यापकांचं समाधान झालं नव्हतं. “पण सर्वसामान्य वाचकाला हे कसं कळायचं? लेखिकेनं शेवटी स्पष्ट करायला नको?”

मला वाटलं, आता बाई त्यांच्याच बाजूनं बोलतील. सगळं स्पष्ट सांगणारा शेवट हाच तर त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. 

“मीही असंच म्हणत आले इतकी वर्षं,” त्या म्हणाल्या. “पण काल-परवा मी स्वतः त्या खाडीवर उभी होते. उत्तर माझ्या पायाशी होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. मला दिसलं नाही, कारण मला ते कुणीतरी उठून सांगायला हवं होतं. या मुलीनं वाचकावर विश्वास टाकलाय, सर. वाचकाला भरती-ओहोटी माहीत नसेल तर तो काही तिचा गुन्हा नाही.”

पोलीस अधिकाऱ्यांनी हात वर केला. बाईंनी केला. प्राध्यापकांनी दोघांकडे बघितलं, पुस्तक ओढून घेतलं, पहिलं प्रकरण काढून अष्टमीची ओळ वाचली, मग तिसरं काढलं. बराच वेळ वाचत राहिले. शेवटी म्हणाले, “चहा गार झाला,” आणि त्यांनीही हात वर केला.

पुरस्कार राहिला. समारंभ छोटासाच झाला. लेखिका नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन तळ्याहून आली होती. चाळिशीची असेल, हिरव्या साडीत अवघडून बसलेली. कार्यक्रम संपल्यावर बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अष्टमी मुद्दाम घातलीस ना?”

तिनं चमकून बाईंकडे बघितलं. “तुम्हाला कळलं?”

“उशिरा कळलं. पण कळलं.”

“कुणालाच कळलं नव्हतं हो,” ती म्हणाली. “गावात सगळे म्हणाले, शेवट पटत नाही. घरचे म्हणाले, खुनाबिनाचं कशाला लिहितेस, गिऱ्हाइकं काय म्हणतील. मग मलाच वाटायला लागलं, आपल्याला जमत नाही. दुसरी कादंबरी निम्मी लिहून सोडून दिली मी. उरलेल्या प्रती माळ्यावर टाकल्या.”

“त्या खाली काढ,” बाई म्हणाल्या. “आणि ती निम्मी मला आणून दे.”

“पण तुम्ही परीक्षक. आधी कशी दाखवू?”

बाईंनी तिथल्या तिथे पोलीस अधिकाऱ्यांना हाक मारली आणि सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा. एवढ्या भांडणानं मिळवलेलं पद त्यांनी उभ्या उभ्या सोडलं. परतीच्या लाँचमध्ये मी विचारलं, वाईट नाही वाटलं? “पुस्तक तयार झाल्यावर त्यातल्या चुका काढायच्या,” त्या म्हणाल्या, “त्यापेक्षा होतानाच शेजारी बसलेलं बरं. मला आधी कुणी बोलावलंच नव्हतं रे.”

पुढे माझी बदली झाली. मागच्या हिवाळ्यात मी सहज काशीदला उतरलो, तर बाई थांब्यावरच उभ्या. पायांत बूट, डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. शेजारी तळ्याची लेखिका, तशाच तयारीत. आदल्या दिवशी मुक्कामाला आली होती म्हणे. दुकान नवरा बघत होता, आणि सासूबाईंनी वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या.

“तू आज कसा आलास?” बाई वैतागून म्हणाल्या. “आम्ही निघालोय. चावी भारतीकडे आहे, वर जाऊन आराम कर.”

एवढ्यात गाडी आली. दोघी चढल्या, खिडकीजवळ बसल्या; मी खाली खिडकीशीच उभा होतो. वाहक तिकिटांची मशीन घेऊन आला.

“दोन पेण,” बाई म्हणाल्या.

“पेणला काय काम काढलंत बाई सकाळी सकाळी?”

“मिठागरात प्रेत पुरलं तर किती दिवस टिकतं, ते बघायचंय.”

वाहकानं बाईंकडे बघितलं, लेखिकेकडे बघितलं. “कुणाचं?” त्यानं हळूच विचारलं.

“ते अजून ठरायचंय,” लेखिका म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या, की गाडी वळणाआड गेली तरी मला ऐकू येत होतं.